कूलर आणि काचेचा मणी

मे महिन्यात पुण्याच्या सरांना नगरला बोलवायचं आणि कूलर बंद ठेवायचा, हे काही बरं दिसत नव्हतं. पण माझा इलाज नव्हता.

त्यांचा लेझर वर्षभर आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होता. काम जमलं नसेल, तर आज ते तो परत नेणार होते.

काम म्हणजे काचेचा मणी. ऑप्टिकल फायबरचं टोक ज्योतीत धरलं की वितळून मोहरीहून लहान मणी होतो. प्रिझममधून त्यात सोडलेला प्रकाश आतल्या कडेनं फिरत राहतो. जितका जास्त फिरेल, तितका मणी सरस. लेझरचा रंग हळूहळू बदलत नेला की पडद्यावरच्या रेषेत खाच पडते. खाच अरुंद, तर मणी उत्तम. माझी खाच आधी सुईसारखी असायची आणि चहा होईतो खुरप्याएवढी व्हायची.

"धूळ हाय मॅडम," आमचे लॅबमधले गोरक्षभाऊ म्हणायचे. "नगरची धूळ कुनाला सोडती?"

मग खिडक्यांना ओली गोणपाटं लावली, फरशी सारखी ओल्या फडक्यानं पुसली. कूलर तर होताच. खाच आणखीच रुंद!

परवा नळाला पाणी आलं नाही. गोणपाटं वाळली, कूलर कोरडाच घरघरला, आणि मणी दुपारभर टिकला. संध्याकाळी भाऊंनी कूलर भरला नि माझ्या डोळ्यांदेखत खाच पसरली. दोष धुळीचा नव्हता, ओलीचा होता. हवेतलं पाणी काचेवर बसून प्रकाश खात होतं.

आज सकाळची वंदना आटोपून आले, तर भाऊ कूलरमध्ये बादली ओतत होते.

"भाऊ, आज नको ना."

"पुन्याचे सर हायेत! उकडून निघतील. लोक म्हनतील, नगरवाल्यांनी पान्याचं बी विचारलं न्हाई."

कुणाला लागेल असं बोलायचं नाही, हा माझा रोजचा नेम. म्हटलं, "सरांना माठातलं द्या. हवेला मात्र नको."

ते हसले, पण गोणपाटं उतरवताना गाल फुगलेलेच होते.

सर आले. "कूलर बिघडलाय का?"

"नाही सर, मुद्दाम बंद ठेवलाय. ओलीनं मणी बिघडतो."

"मग पंखा तरी?"

"तो बरोबर मण्याच्या डोक्यावर आहे, सर. मणी हलतो."

मी नवा मणी केला, प्रिझमला लगटून बसवला. खाच सुईसारखी. सरांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. खाच तशीच. दुसरं काढलं. तरी तशीच.

"आता कूलर लावा," सर म्हणाले.

"सर?"

"ओलीनंच बिघडतं म्हणता ना? मला बघायचंय."

भाऊंनी धावत जाऊन बादली ओतली, बटण दाबलं. वाळ्याचा गार वास सुटला आणि खाच पसरत गेली. सरांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग कूलरकडे.

"बंद करा. नवा मणी घ्या."

"ऱ्हाऊ द्या की वाईच, सर," भाऊ कळवळून म्हणाले.

"नको हो, पुन्हा खात्री करू."

खोलीतली ओल गेल्यावर केलेला दुसरा मणीही टिकला. तोवर सरांचा रुमाल पिळण्याजोगा झाला होता.

"लेझर राहू दे इथंच," कपाळ पुसत ते म्हणाले. "पुढचं काम बघायला मी डिसेंबरात येईन. त्याआधी बोलावू नका."