दोन पिकअप, एक स्टूल

सगळे वादक त्याला कानसेन म्हणायचे आणि खोटं कशाला बोला, त्याला ते मनापासून आवडायचं. तीस वर्षं तो विजेवरच्या गिटारांचे पिकअप बनवत होता. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची तार छेडली की तिचा आवाज तिथून अॅम्पमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीत जातो. वेढे थोडे कमीजास्त झाले, चुंबक जरा मवाळ निघालं, की आवाजाची जात बदलते. ही जात कानसेनला कळायची. बाकीचे नुसत्या माना डोलवायचे.

दुकानाची एक रीत होती. दोन पिकअप ताडून पाहायचे तर ऐकणाऱ्याने कोपऱ्यातल्या स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसायचं. कारण डोळे मेले भारी चोंबडे. नवं, चकचकीत काही दिसलं की ते कानाला आधीच पढवून ठेवतात. पाठ फिरवून बसायचं, मागे कोणी तरी वाजवायचं, खटका इकडचा तिकडे करायचा, आणि बसणाऱ्याने काय ऐकलं ते सांगायचं. त्या स्टुलावर आजवर एकटा कानसेनच बसला होता. लेक तीन वर्षं त्याच्या हाताखाली काम शिकत होती, पण स्टुलावर बसायचं तिने नावही काढलं नव्हतं.

आणि गेले सहा महिने त्याला त्याच स्टुलाची भीती वाटत होती.

सुरुवात झाली भिंतीवरच्या घड्याळापासून. एक दिवस त्याला वाटलं घड्याळ बंद पडलंय, टिकटिक नाही. तो सेल बदलायला खुर्चीवर चढला. लेक खालून म्हणाली, "बाबा, चालत्या घड्याळाचा सेल कशाला बदलताय?" त्याने पाहिलं तर काटा मजेत फिरत होता. कामात व्यत्यय येतो असं सांगून त्याने ते घड्याळच काढून फडताळात टाकलं. कानाच्या डॉक्टरांकडे काही गेला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय!

अशात ताई आल्या. ताई म्हणजे लॅप स्टील वाजवणाऱ्या, साठी ओलांडलेल्या बाई. गिटार मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातला पोलादी बार तारांवरून सरकवत वाजवायच्या. ती गिटार त्यांच्या नवऱ्याने स्वतः घडवली होती, पिकअपसकट. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती आणि आता पिकअपही कुरकुरायला लागला होता. मधेच खरखर, मधेच आवाज गायब.

"कानसेन, तुम्ही नवा बनवा," ताई म्हणाल्या. "पण बसवायचा की नाही ते आवाज ऐकून ठरवू. ह्यांचा आवाज त्यात येणार नसेल, तर मला खरखर चालेल. तुम्ही सांगाल ते खरं."

नवा पिकअप रुंद होता. तो बसवायचा तर जुन्याच्या भोवतीचं गिटारचं लाकूड कोरावं लागणार होतं. एकदा कोरलं की कोरलं, लाकूड काही पुन्हा उगवत नाही.

ठरल्या दिवशी सकाळी कानसेनने नवा पिकअप जुन्याला खेटून तात्पुरता अडकवला आणि दोघांच्या वायरी एका खटक्यावर जोडल्या. खटका डावीकडे की जुना, उजवीकडे की नवा. घाई होती, चष्मा घरीच राहिला होता, पण हे काम तो झोपेतही करेल, मग चष्मा कशाला हवा? कथिलाचे डाग दिले, वायरी ओढून पाहिल्या, झालं.

ताईंनी गिटार मांडीवर घेतली. लेक खटक्यापाशी उभी राहिली. कानसेन स्टुलावर बसला आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.

ताईंनी एक लांब सूर काढला, खालून वर नेला, वर थरथरवत ठेवला. "हा पहिला," लेक म्हणाली. मग तोच सूर पुन्हा. "हा दुसरा."

कानसेनच्या पाठीतून कळ गेली. दोन्ही सूर एकच होते.

असं होणं शक्यच नव्हतं. चार वेढ्यांचा फरक ओळखणारा माणूस तो! नव्यात चुंबक वेगळं, तार वेगळी, जागाही बोटभर सरकलेली. बहिऱ्यालाही कळला असता इतका फरक पडायला हवा होता. बहिऱ्यालाही! तो शब्द मनात आला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"परत," तो म्हणाला.

परत तेच. त्याने डोळे मिटले, मान तिरकी केली, श्वास धरून बसला. काहीच फरक नाही. भिंतीच्या पोपडा उडालेल्या रंगाकडे बघत तो देवा देवा करत होता. गेले कान. आता लोकांना कळणार. कानसेन म्हणणारी तोंडं उद्या काय म्हणतील? आणि कान नसलेल्या माणसाने या दुकानात करायचं काय, झाडू मारायचा?

"काय हो, कानसेन?" ताईंचा आवाज आला. "बोला ना."

आता गप्प बसणं म्हणजे कबूल करणं. त्याने घसा खाकरला.

"पहिला जुना," तो म्हणाला. "जरा धुरकट, दमलेला. दुसऱ्यात तेच अंग आहे, पण वरच्या पट्टीत मोकळा होतो. गोडवा तोच. त्यांचाच आवाज आहे, ताई, नुसता न्हाऊन आल्यासारखा."

बोलता बोलता इतकं छान जमलं की क्षणभर त्याचं त्यालाच खरं वाटलं. वळून पाहिलं तर ताईंचे डोळे भरले होते.

"मग कोरा," त्या म्हणाल्या. "माझी हिंमत होत नव्हती. तुम्ही म्हणताय तर कोरा."

त्याने गिटार टेबलावर घेतली आणि तारा सैल करून बाजूला केल्या. कोरायचं यंत्र उचललं. मनात कोणीतरी ओरडत होतं, अरे, तू काही ऐकलेलं नाहीस, मेलेल्या माणसाच्या हातचं काम तू थापेवर कापतोयस! पण थापेचं असंच असतं, एकदा मारली की तीच पुढे ढकलत नेते. त्याने यंत्राचं बटण दाबलं.

"बाबा, थांबा!"

लेकीने प्लगच उपटला होता. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"मला काहीच फरक कळला नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, माझेच कान कच्चे. पण इतके कच्चे? एकदा बघू दे मला." तिने अॅम्प चालू केला, खटका डावीकडे ठेवला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने जुन्या पिकअपवर टिचकी मारली. अॅम्पमधून टक्क आवाज आला. मग नव्यावर मारली. त्याचा आवाज यायला नको होता. तोही आला, टक्क. खटका उजवीकडे केला, पुन्हा दोन्ही टक्क.

तिने खटका उलटा करून पाहिला. डागाचा एक थेंब शेजारच्या टोकावर ओघळला होता आणि दोन्ही टोकं जोडली गेली होती. खटका कुठेही असो, दोन्ही पिकअप सोबतच वाजत होते. ताईंनी चार वेळा एकच आवाज वाजवला होता.

म्हणजे कान बरोबर होते! कानसेनच्या छातीवरचा धोंडा उतरला. सहा महिन्यांत असा मोकळा श्वास त्याने घेतला नव्हता. तो हसलासुद्धा.

मग त्याला ताईंचा चेहरा दिसला.

"मग धुरकट काय होतं?" ताईंनी विचारलं. रागाने नाही, अगदी हळू. "आणि न्हाऊन आलेलं?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. "घाबरलो, ताई," तो म्हणाला. "मला दोन्ही सारखेच वाटले. वाटलं, माझे कान गेले. म्हणून बोललो."

"आणि मी कापायला दिली होती तुम्हाला," ताई म्हणाल्या.

लेकीने घरून चष्मा आणून दिला. त्याने ओघळलेला थेंब काढला, तारा पुन्हा चढवल्या, सुरात लावल्या. मग सवयीने स्टुलाकडे वळला.

"तुम्ही खटक्यापाशी उभे राहा," ताई म्हणाल्या. "पोरी, तू बस."

लेकीने बापाकडे पाहिलं. त्याने मान हलवली. ती स्टुलावर बसली आणि तोंड भिंतीकडे केलं.

ताईंनी तोच लांब सूर काढला. कानसेनने खटका फिरवला, आणि फरक इतका स्वच्छ होता की त्याच्या अंगावर काटा आला. नवा पिकअप टणक होता, उजळ होता, चांगला होता, पण त्यात तो आवाज नव्हता. जुन्यात एक खरखर होती आणि खरखरीच्या आड कोणीतरी होतं. हे त्याला पहिल्याच सुरात कळलं. तो बोलणारच होता.

"हं, सांग," ताई म्हणाल्या, लेकीच्या पाठीकडे बघत.