आजोबांच्या नावावरची पावले

मित्रांनो, पावले मोजणारा एक जुना मीटर म्हणजे मी. आगपेटीएवढा जीव, पाठीला चिमटा, पोटात बटणाएवढी बॅटरी. मला कमरेला लावून तुम्ही चाललात की पावलाच्या प्रत्येक धक्क्याला माझा आकडा एकाने वाढतो. यापलीकडे मला काही येत नाही.

आम्ही सारी भावंडे एका खोक्यातून शाळेत आलो आणि गणिताच्या बाईंच्या कपाटात राहू लागलो. दहा मिनिटांत मैदानावर इतकी पावले, तर तासाभरात किती? लांब ढांगांच्या पोराची आणि बुटक्या पोरीची पावले कोणत्या प्रमाणात? बाई अशी चालती-बोलती गणिते घालत. त्रैराशिक म्हटले की तोंड वाकडे करणारी पोरे आमच्यासाठी भांडू लागली. ते माझे सुखाचे दिवस. फार नव्हते.

मग बाईंनी घरचा अभ्यास दिला. घरातल्या एका माणसाची रोजची पावले महिनाभर मोजायची. मी खारीच्या वाट्याला आलो. खार म्हणजे वर्गातली एक काटकुळी मुलगी. एका जागी बसत नसे, म्हणून हे नाव. तिने मला आजोबांच्या कमरेला लावले. आजोबा बसचे निवृत्त कंडक्टर. ते म्हणाले, "मी जन्मभर चालत्या गाडीत चाललो. ती पावलं माझी धरायची का गाडीची?" खार खूप हसली. मला मात्र पहिल्याच फेरीत कळले, की या पायांत आता जोर उरलेला नाही.

दिवसाचा आकडा रोज उतरू लागला. खारीने वर्गात शिकवले तसेच गणित मांडले: इतक्या दिवसांत इतकी पावले कमी झाली, तर सगळी संपायला किती दिवस? उत्तर आले, आणि तो दिवस परीक्षेच्याही आधीचा होता. पोरीने कागद फाटेस्तोवर ते खोडले.

दुसऱ्या दिवसापासून शाळेतून आली, की ती मला स्वतःच्या कमरेला लावून मागच्या अंगणात पळू लागली. आकडा उतरू दिला नाही तर आजोबाही जाणार नाहीत, असा तिचा भाबडा हिशेब. आईवडील कामावरून दिवेलागणीला येत, त्यांना पत्ता नव्हता. मला सगळे कळत होते. आजोबांचे पाऊल घासत पडे, हिचे दणादण. पण मला तोंड कुठे आहे?

आजोबा खिडकीतून हाक मारत. "खारे, जरा बस की माझ्याजवळ."

"आलेच, थोडीच राहिलीत," ती पळता पळता म्हणे. ती आत जाई तेव्हा त्यांचा डोळा लागलेला असे.

महिना संपला. मला परत द्यायला म्हणून खारीने खिशात घातले होते. बाईंनी सगळ्यांचे आकडे फळ्यावर मांडले. इतरांच्या घरची माणसे कधी कमी चालत, कधी जास्त. खारीच्या आजोबांचा आकडा मात्र पहिले काही दिवस सोडले तर तसूभरही ढळला नव्हता. या वयात असे चालायला हवे, असे म्हणून बाईंनी टाळ्या वाजवायला सांगितल्या. टाळ्या चालू असतानाच खार उभी राहिली.

"बाई, ही पावलं माझी आहेत. आजोबा आता उठत नाहीत."

बाईंचा हात फळ्यावरच राहिला. मग ते दिवसभर काय करतात, असे त्यांनी हळूच विचारले.

"मला हाका मारतात," खार म्हणाली.

बाईंनी तिला तडक घरी पाठवले. ती पोचली तेव्हा आजोबांचे डोळे उघडे होते, पण ते कुणाला ओळखत नव्हते. ती उशाशी बसली. एका जागी न बसणारी ती पोर दिवे लागले तरी उठली नाही. आजोबांनी तिला पुन्हा हाक मारली नाही. ते गेले तेव्हा तिचे खोडलेले उत्तर दोनच दिवसांनी चुकले होते.

मित्रांनो, मी आता कपाटात आहे. बॅटरी गळून माझे पोट हिरवे पडले आहे आणि मला कुणी बाहेर काढत नाही. त्याचे मला फारसे दुःख नाही. त्रैराशिक जरूर शिका, बाई ते छान शिकवतात. पण घरातून कुणी हाक मारली तर हातातले टाकून जा, जवळ बसा. आकडा अपुरा राहिला तर राहू दे.