देवाजीच्या नावची वही

कृष्णकांताला देवाजीकडून एकच गोष्ट हवी होती: वेडाची बोली. ती मिळाली तर नाट्यस्पर्धेतलं लेखनाचं पहिलं बक्षीस, ते मिळालं तर पुण्याचा प्रकाशक, आणि मग तो नोकरीला होता त्या तारखात्यातली मंडळी त्याला 'नाटकवाले' म्हणताना हसणार नव्हती. दोन वर्षं परीक्षकांनी एकच शेरा मारला होता: संवाद पुस्तकी.

साल एकाहत्तर. तेव्हा वेड्यावाचून नाटक उभंच राहत नव्हतं. पूर्वी तिसऱ्या अंकात तार यायची, आता झटका यायचा. सीताबर्डीच्या हॉटेलात चहा निवेपर्यंत लोक दुभंग व्यक्तिमत्त्वावर बोलत. ज्याला न्यूनगंड नाही त्याला लेखक कोण म्हणणार?

कामठी रस्त्यावर एका ट्रस्टचं मनोरुग्णालय होतं. तिथले डॉक्टर वामनराव नाटकाचे शौकीन. त्यांनी कृष्णकांताला दर रविवारी देवाजीजवळ बसू दिलं. बदल्यात जाहिरातीवर 'वैद्यकीय सल्ला' म्हणून त्यांचं नाव. देवाजी कन्हानच्या कोळसा खाणीवरचा कामगार. त्याला आवाज ऐकू यायचे, घर सोडून पळायचा. आठ महिन्यांच्या गोळ्यांनी आवाज थांबले होते. दिवाळीआधी सुटका समिती बसणार होती आणि बायको तुळसाबाई त्याला न्यायला येणार होती.

अडचण इतकीच, की देवाजी बरा झाला होता.

"आत काय वाटतं?" कृष्णकांत विचारी.

"आत गरम होते जी. पंखा बंद हाय."

"तसं नव्हे. मनात."

"मनात बकरीची काळजी. व्याली असन आतापर्यंत. तुळसाले एकटीले जमते का?" मग वहीकडे बघून म्हणे, "तुमी काय लिवून राहिले भाऊ? पंख्याचं लिवा. लागला त तुमालेही हवा लागन."

बकरीवर बक्षीस मिळत नाही. कृष्णकांत घरी जाऊन त्याच वहीत देवाजीच्या नावानं स्वतःच लिहू लागला. 'खाणीत उतरलो की अंधार मला नावानं हाक मारतो. वर आलो तरी तो माझ्या डोक्यात खणत राहतो.' वर तारीख आणि वेळ. ती घालायची सवय तारखात्याची.

पुढच्या रविवारी वही वामनरावांनी मागून घेऊन वाचली आणि ते भारावले. आपल्यापाशी हा माणूस बकरीपलीकडे जात नाही, लेखकापाशी मोकळा होतो, असं त्यांनी धरलं. पानांची नक्कल करून त्यांनी ती केसपेपरला जोडली.

समितीच्या दिवशी तुळसाबाई पिशवीत नवं धोतर घेऊन आली. कृष्णकांतालाही खास बोलावणं होतं. अध्यक्षांनी नक्कल मोठ्यानं वाचली.

"हे त्यायचं बोलनं नाही जी," तुळसाबाई म्हणाली. "ते खाली कधी उतरलेच नाहीत. वरतं उतरनाऱ्यायले दिवे वाटत होते. कन्हानात कोनालेही पुसा."

वामनरावांनी खेदानं मान हलवली. "हाच तर भ्रम, बाई. कधी न उतरलेल्या खाणीत हा रोज उतरतो." मग वळून म्हणाले, "कृष्णकांत, तुमच्यासमोरच बोलला ना हे?"

"सांगा ना भाऊ," देवाजी म्हणाला. "मी त बकरीचंच बोललो."

संध्याकाळी तालीम होती. जाहिरात छापून झाली होती: 'एका मनोरुग्णाच्या प्रत्यक्ष बोलण्यावर आधारित'. कृष्णकांतानं चष्मा काढून पुसला, परत घातला.

"हो," तो म्हणाला. "असंच बोलला."

सुटका नामंजूर झाली. गोळ्या वाढल्या, मग विजेचे अकरा झटके. दर आठवड्याला वामनराव विचारत, "आज खाली उतरलास का?" देवाजी नाही म्हणाला की 'लपवतो' अशी नोंद होई.

संक्रांतीला तुळसाबाई भेटायला आली. "बकरीचे दोन पिल्लं चराले लागले," म्हणाली.

देवाजीनं बराच वेळ आठवून पाहिलं. "कोनती बकरी?" मग जवळ सरकून हळूच म्हणाला, "तुळसे, खाली लय अंधार हाय वं."

नाटकाला लेखनाचं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांचा शेरा: संवाद अस्सल. वामनरावांचं नाव नव्या जाहिरातीवर आलं, ठरल्यापेक्षा जरा मोठ्या अक्षरांत. तुळसाबाईकडे ते नवं धोतर घडी न मोडता तसंच राहिलं. आणि कृष्णकांताच्या एका 'हो'ची किंमत देवाजीनं भरली: नऊ वर्षं, कधी न उतरलेल्या खाणीत.