कापशाची गादी

हाशमने कापशाला दोन्ही हातांनी उचललं आणि नव्या गादीच्या मधोमध अलगद ठेवलं. कुत्र्याचे पंजे मऊ कापसात रुतले, मागचं अंग एका बाजूला कललं. तरी त्याने पुढच्या पायांवर जोर दिलाच. हाशमने त्याची पाठ दाबून धरली.

"पडी ऱ्हाय रे. आते कसाले ऊठस?"

दोंडाईच्यात गादी भरावी तर हाशम पिंजाऱ्यानेच, असं लोक म्हणत, आणि ते ऐकायला त्याला आवडेही. पिल्लू असताना हा कुत्रा दुकानातल्या रुईत लोळून पांढरा व्हायचा, म्हणून त्याचं नाव कापशा पडलं. आता तो म्हातारा झाला होता. थंडीत त्याचे मागचे पाय घसरू लागले, तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आराम द्या, पण आधार देऊन रोज उभं करा. नाहीतर मांड्यांतलं मांस जाईल." हाशमच्या डोक्यात शिरलं ते एवढंच, की आराम द्या. आराम हा तर त्याच्या घरचाच धंदा. नवा कापूस पिंजून त्याने एक गादी भरली, मग तिच्यावर दुसरी, आणि दारातल्या पडवीत अंथरली. कापशा उठू लागला की तो पाठ दाबून त्याला परत निजवी. गिऱ्हाइकाच्या गादीत जुना कापूस आणि कुत्र्याच्या गादीत नवा, म्हणून त्याच्या बायकोने, साबेराने, बोलून बोलून त्याला बेजार केलं. तरी त्याने कापूस नवाच भरला. फार जीव होता त्याचा कापशावर.

त्या दिवशी गादी टाचायची सुई घरी राहिली म्हणून तो भर दुपारीच परतला. बोळाच्या तोंडाशी शेजारच्या सुंदरबाई अक्काने ओठांवर बोट ठेवून त्याला थांबवलं.

तिच्या ठेंगण्या ओट्यावर तरट अंथरलं होतं. त्या खरखरीत तरटावर कापशा उभा होता, चारही पायांवर. मागचे पाय लटलटत होते, पण नखं तरटात अडकवून त्याने ते टेकवले होते.

"तू दुकानवर गया का हाऊ रोज आठे येस," अक्का हळूच म्हणाली. "घसटत घसटत. पहिले तर चांगला उभा ऱ्हाये. आते पायस्मा जोर नई शे."

"मंग मले काबर नई सांगं, अक्का?"

"तूच येले इतली मऊ गादी करी. मी काय बोलू?"

जन्मभर हाशमने माणसांच्या झोपेचंच पाहिलं. उभं राहायला पायाखाली टणक लागतं, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

बोलणं कानावर पडताच कापशाने मान वळवली. हाशमला पाहून त्याने कान पाडले. मागचं अंग खचलं. मग ओट्यावरून उतरून, पुढच्या पायांनी स्वतःला ओढत तो घराकडे निघाला.

"कापशा, थांब! आठे ये, आठेच!" हाशम धावत जाऊन तरटावर बसला आणि तळहाताने ते थोपटू लागला.

कुत्रा थांबला. त्याने हाशमच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मग जास्तच घाई केली. गादीवर चढायला त्याला फार वेळ लागला. चढल्यावर त्याने हनुवटी टेकली, आणि हाशमकडे बघत, अजिबात न हलता, पडून राहिला.