डावी सीट कोरी

सासूबाई त्या गाडीला सवत म्हणायच्या. "आज सवतीची आंघोळ आहे, पाणी जपून वापर," असं त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी घाबरून नवऱ्याकडे पाहिलं, तर तो हसत होता. घरात सगळेच हसायचे. सगळ्यांत आधी सासूबाई, म्हणजे दुसऱ्या कुणाला संधी मिळायच्या आत.

सवत होती मात्र देखणी. गर्द हिरवी, बुटकी, विलायतेत जन्मलेली, दोनच सीटांची उघडी गाडी. तारांच्या आऱ्यांची चाकं, लाकडी स्टिअरिंग. दर रविवारी सासरे बॉनेट उघडून बुटक्या स्टुलावर बसायचे आणि रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरला लावून डोळे मिटायचे. दोन्ही कार्बोरेटर एका सुरात श्वास घेतायत की नाही, ते ऐकत. नेमक्या त्याच वेळी आत सासूबाई खोकल्या तर हाक यायची, "अगं, जरा हळू. ऐकू येत नाहीये."

उजवीकडे सासरे बसत, डावीकडे कुणीच नाही. त्या सीटवर प्लॅस्टिक होतं, गाडी घरात आली तेव्हापासूनचं. माझ्या नवऱ्यानं लहानपणी त्या सीटसाठी रडून पाहिलं, मग नाद सोडला आणि सायकल शिकला. सासूबाईंना 'पुढच्या वर्षी नेतो' असं सांगितलेलं होतं. ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही.

मग सासऱ्यांचे गुडघे गेले. त्या गाडीत बसणं म्हणजे जवळजवळ जमिनीवरच बसणं. खाली जाता यायचं, वर यायला दुसऱ्याचा हात लागायचा. त्यांनी गाडी विकायला काढली. जाहिरात मोबाइलवर मीच टाइप केली, ते सांगत गेले. एकहाती वापरलेली. कुठेही ओरखडा नाही. डावी सीट कोरी, आजवर कुणीही बसलेलं नाही. हे शेवटचं त्यांनी मला पुन्हा मोठ्यानं वाचायला लावलं. शेजारी सासूबाई माझ्या लेकीला, चिमणीला, भरवत होत्या. त्यांचा चमचा हवेत थांबला आणि चिमणीनं आ वासून वाट पाहिली.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "अहो, ती जायच्या आधी मला एकदा कोपऱ्यापर्यंत न्या की. प्लॅस्टिकसकट बसते."

"आणि जाहिरातीत काय घालू? एकदाच बसली, तीही बायकोच?"

सवयीनं सगळे हसले. सासूबाई या वेळी सगळ्यांत शेवटी.

गिऱ्हाईक म्हणून दातांचे एक डॉक्टर येणार होते. सासऱ्यांनी सकाळीच प्लॅस्टिक सोलून काढलं. डॉक्टरांना गल्ली सापडेना, म्हणून काठी टेकत सासरे कोपऱ्यापर्यंत गेले. मी चिमणीला कडेवर घेऊन गॅरेजच्या दारात आले, तर सासूबाई डाव्या सीटवर बसलेल्या. केस नीट बांधलेले, पायांत बाहेर जायच्या चपला. हातात गाडी पुसायचं फडकं होतं, कुणी विचारलं तर सांगायला. समोर काचेपलीकडे गॅरेजची भिंत आणि रंगाचे जुने डबे.

"केवढं दिसतं गं इथून," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, बसा हो, निवांत बसा. डॉक्टर आज नुसती बघूनच जातील. संध्याकाळी हे कामावरून आले की सांगते, तुम्हाला एक चक्कर मारून आणतील. ऐकता ऐकता त्यांनी फडक्यानं सीटची कड पुसल्यासारखं केलं.

तेवढ्यात मागे काठी वाजली. डॉक्टर आत डोकावले आणि म्हणाले, सीटवर कुणी बसलेलं दिसतंय. जाहिरातीत तर...

सासऱ्यांना विचारसुद्धा करावा लागला नाही.

"कामवाली आहे. सीट पुसतेय."

मी तोंड उघडलं. सासूबाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, अगदी थोडी, झोपलेल्या बाळापाशी हलवतात तशी. मग म्हणाल्या, "झालंच, साहेब."

त्यांना उठता येईना. गुडघे काही एकट्या सासऱ्यांचेच झिजले नव्हते. सासरे सीटच्या चामड्याकडे बघत उभे राहिले, हात दिला तो डॉक्टरांनी. भले गृहस्थ होते. सीट अगदी चकाचक ठेवलीत हो मावशी, असं म्हणून त्यांनी सासूबाईंच्या हातात एक नोट ठेवली. सासूबाईंनी मूठ मिटली.

सौदा झाला. डॉक्टर गाडी घेऊन निघाले तेव्हा त्या कोऱ्या सीटवर रीतसर बसून गेली ती त्यांची जिमची पिशवी.

संध्याकाळी सासूबाईंनी चहा आणून ठेवला. "साहेब, चहा."

सासरे हसले. जेवणाच्या वेळी "साहेब, पान वाढलंय," तेव्हा जरा कमी हसले. पुढे हसू आटलं. नवऱ्यानं आईची समजूत घालून पाहिली, सासऱ्यांनी आवाज चढवून पाहिला. त्या काही भांडत नव्हत्या, रुसल्याही नव्हत्या. औषधाच्या गोळ्या वेळेवर, अंघोळीचं पाणी वेळेवर. फक्त 'अहो' तेवढं घरातून गेलं. चिमणी आजीचं ऐकून आजोबांना 'अओ' म्हणायची आणि ते विरघळायचे. आता ती त्यांच्या धोतरासारख्या सैल पायजम्याला धरून म्हणायला लागली, "छायेब." त्यांनी तिला उचललं नाही. मी उचललं.

रविवारी सासरे सवयीनं रिकाम्या गॅरेजमध्ये गेले आणि त्याच बुटक्या स्टुलावर बसले. खिशात रबरी नळी होती. थोड्या वेळानं हाक आली.

"अगं."

मग पुन्हा, जरा मऊ. "अगं, उठता येत नाहीये."

सासूबाई हात पुसून गेल्या. त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हात पुढे केला. सासऱ्यांनी तो धरायला आपला हात उचलला, तेव्हा त्यांना दिसलं की तळवा वर आहे, उघडा.

"बक्षीस, साहेब," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांचा हात तसाच अधांतरी राहिला. सासूबाईंनी थोडी वाट पाहिली, मग वळल्या. दारातून जाताना त्यांनी माझ्या कडेवरून चिमणीला घेतलं आणि म्हणाल्या, "सूनबाई, साहेबांना उठव. मला काम आहे."