उखळावरचं नाव

उखळ द्यायला मिनातू तयार होती, गळा द्यायला नव्हती.

"घेऊन जा ते," तंबूच्या दारात बसल्या बसल्या तिनं बोट दाखवलं. "बाजरी कांडून घाल बायकोला. गाणं तेवढं मागू नकोस. गाण्यापायी गावात शिरलेल्या बंदूकवाल्यांनी माझी पाठ फोडलीय. आणि त्यांच्या आधी तुझा बाप होताच."

अताहेर वाळूतच बसला. मुंडाशाचा पदर त्यानं नाकावर ओढून घेतला. निर्वासितांच्या छावणीत त्याला सगळे टायरवाला म्हणत. गाढवगाड्यांची आणि पाण्याच्या टँकरची पंक्चरं काढून तो पोट भरत होता. पण सीमेपलीकडे, गावात, तो मुल्लाचा मुलगा होता आणि मिनातूचे आईबाप त्याच्या आजोबांचे गुलाम होते. ही गोष्ट दोघांपैकी कुणी बोलत नसे आणि विसरतही नसे.

मुल्लाच्या घरात उखळ फक्त कांडायच्या कामाचं. इतरांच्या बायका त्याच उखळावर बकऱ्याचं ओलं कातडं ताणून ढोल करायच्या आणि गायला बसायच्या, तेव्हा बाप लहानग्या अताहेरच्या कानांत बोटं घालायचा. म्हणायचा, सैतान कांडतोय. त्यामुळे दाढी पिकायला लागली तरी अताहेरनं आपल्याच वाळवंटाचं गाणं धड ऐकलं नव्हतं. त्याला त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं.

"राइशा मरतेय," तो म्हणाला.

ते छावणीभर ठाऊक होतं. गाव सोडून पळताना ट्रकमध्येच राइशाची तान्ही मुलगी गेली. दुसऱ्या दिवशी तिचं नाव ठेवायचं होतं. ट्रकवाला थांबायला राजी नव्हता. हातापाया पडल्यावर थांबला, पण इंजिन त्यानं बंद केलं नाही. अताहेरनं रस्त्याच्या कडेला हातांनी खड्डा खणला. त्या दिवसापासून राइशा बोलली नाही की रडली नाही. आता तिनं खाणंही सोडलं होतं. दवाखान्यात सलाईन लावलं तर तिनं सुई उपसून काढली. काल नर्सनं अताहेरला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "पोटात काही गेलं नाही तर ही आठवडा काढायची नाही. माझ्याकडे आता देण्यासारखं काही उरलं नाही, भाऊ."

"ताईत बांधलास?" मिनातूनं विचारलं.

"दंडाला जागा नाही उरली."

"म्हणजे सगळी दारं झाली, मग मिनातूचं. गाणं तुमच्यात पाप ना?"

"पाप लागलं तर मला लागू दे. तू गा, आजी."

म्हातारीनं मान वर केली. त्या घराण्यातल्या कुणी तिला आजी म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. "बायको मरायला टेकली तेव्हा आजी झाले होय रे मी," ती म्हणाली आणि वाळूत रेघोट्या ओढत राहिली. मग तिनं विचारलं, "या दुखण्याचं गाणं दुःखाला नावानं हाक मारतं. पोरीचं नाव काय होतं?"

"ठेवलंच नव्हतं."

"मशिदीतलं नव्हतं ठेवलं. बायका आदल्या संध्याकाळी ठेवतात ते?"

"त्याच दुपारी गेली ती."

"मग जिला हाकच मारता येत नाही तिच्यासाठी आई रडणार कशी, बाबा?" मिनातू गुडघ्यावर हात देऊन उठली. "उखळात डोकं घातलंच आहे तर मुसळाला भिऊन भागायचं नाही. कातडं आण. आणि पुरुष आण. या गाण्याला खालून पुरुषांची घरघर लागते. त्याशिवाय दुखणं वर येत नाही."

कातडं मिळालं. पुरुष कुठून आणायचे? निम्मे सोन्याच्या खाणींवर गेलेले, निम्मे बंदुका घेऊन हिंडणारे. राहिलेल्यांतले दोन दमेकरी म्हातारे कसेबसे तयार झाले.

"तिसरा तू," मिनातू म्हणाली.

"मला येत नाही."

"बायको कुणाची आहे?"

ऊन कलल्यावर राइशाला तंबूबाहेर आणून बसवलं. तिच्या डोक्यावरून काळी ओढणी घातली. बायका भोवती दाटीनं बसल्या. कातडं आवळायला दोरी पुरेना, तेव्हा अताहेरनं दुकानातल्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या. उखळाच्या दोन बाजूंना दोन मुसळं बांधून त्यांच्या टोकांवर चार पोरी बसवल्या, तसं कातडं ताणलं गेलं. राइशाच्या पुढ्यात सकाळपासून पाण्याचा वाडगा होता, न शिवलेला. मिनातूनं तो उचलून कातड्यावर शिंपडला. "ही पीत नाही तर ढोलाला पाजू," ती म्हणाली आणि थाप मारली.

 हा ठोका अताहेरच्या ओळखीचा होता. बापाची बोटं कानांत असताना तो जमिनीतून तळव्यांत यायचा, फक्त तेव्हा त्याच्यावर गाणं नसायचं. आता मिनातू गायला लागली. आवाज गोड नव्हता, दोन-तीन ठिकाणी फाटलेला होता. ती कोरड्या विहिरीचं गायली, रात्रीत तळ हललेल्या वस्तीचं गायली, मागे राहिलेल्या चुलीचं गायली. हे सगळं आपलं होतं आणि आपल्याला कुणी ऐकू दिलं नाही, या विचारानं अताहेरला बापाचा राग आला. मेलेल्या बापाचा असा राग त्याला आयुष्यात आला नव्हता.

म्हातारे घरघरायला लागले. अताहेरनंही तोंड उघडलं.

"मुल्लाच्या पोरा, बांग नको देऊस," मिनातू गाता गाता म्हणाली. "पोटातून येऊ दे."

बायका हसल्या. राइशा हसली नाही, हललीही नाही. ढोल चालत राहिला. सावल्या लांबल्या, एक म्हातारा खोकून खोकून बाजूला झाला आणि त्याची उणीव अताहेरला भरून काढावी लागली. त्यानं डोळे मिटले आणि पोटातून आवाज काढला. तो आवाज त्याला ओळखू आला. खड्डा खणत होता तेव्हा पाठीमागे ट्रक असाच घरघरत होता. मग त्याला थांबता येईना. आपल्यातून काय बाहेर पडतंय हेही त्याला समजेना. घसा सोलून निघाला तरी तो घरघरत राहिला.

कुणीतरी त्याचा खांदा दाबला तेव्हा त्यानं डोळे उघडले. ढोल थांबला होता. राइशा वाळूत आडवी पडून रडत होती, मोठ्यानं, गळा काढून. बायकाही डोळे पुसत होत्या.

"झालं," मिनातू म्हणाली. "तिनंही नाव घेतलं. आता पेज द्या."

राइशा पेज प्यायली.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याशी बोलली. शेळीला पाणी दाखवलंत का, एवढंच. पण बोलली. अताहेरनं दोन दिवस जाऊ दिले आणि मग चहाचा पेला तिच्या हातात देता देता विचारलं, "नाव काय ठेवलं गं?"

राइशानं त्याच्याकडे पाहिलं. "सगळ्यांसमोर तर म्हटलं आजीनं."

"मला ऐकू नाही आलं. मी..." त्यानं घशाला हात लावला.

तिला कळलं. तिचे डोळे भरून आले, पण तिनं मान हलवली. "गेलेल्याचं नाव घेऊ नये हो. तुम्हीच शिकवलंत ना मला ते."

तो मिनातूकडे गेला. तिला ताप होता, आवाज पार बसला होता. ऐकून ती आधी हसली, मग हसायची थांबली. "नुसतं तोंडानं नाही घेता येत, पोरा," ती कुजबुजली. "ढोलावरच येतं. पुढच्या खेपेला कान उघडे ठेव."

पुढची खेप आली नाही. गाणाऱ्यांची नावं सीमेपलीकडे बंदूकवाल्यांना कळवली जातात अशी छावणीत बोलवा उठली, बायका घाबरल्या आणि कातडं कुणी परत भिजवलं नाही. थंडी सरायच्या आत मिनातू गेली. अताहेरनं तिच्यासाठी खड्डा खणला. बाकीच्या बायकांना पोरीचं नाव विचारलं तर त्या ओढणी सावरून दुसरीकडे बघत.

उखळ राइशाकडे आलं. रोज सकाळी ती बाजरी कांडते आणि मुसळ खाली येताना दर वेळी तिचे ओठ हलतात. एकदा अताहेर हळूच जवळ गेला, तर ती ओठ मिटून नुसतीच कांडत राहिली.

आता तो जात नाही. ट्यूब मांडीवर घेऊन, तिच्याकडे पाठ करून बसतो. आपण बघत असलो तर ती गप्प राहील.