अर्धी गोळी कातरणारा अडकित्ता

मी एक जुना अडकित्ता आहे. भिवंडीजवळच्या वळ गावात, महादूच्या पानाच्या डब्यात राहतो. मला पडघ्याच्या लोहाराने घडवलं. लग्नाच्या वर्षी महादूच्या बायकोने, राहीबाईने, वज्रेश्वरीच्या जत्रेत मला नवऱ्यासाठी विकत घेतलं. तीस वर्षं मी सुपारी कातरली. "याच्यासारखी धार न्हाय," असं महादू पाहुण्यांना सांगायचा, तेव्हा मला बरं वाटायचं.

२००६ साली राहीबाईला हृदयाचा झटका आला. ती वाचली. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी रोज घ्यायला सांगितली. एक गोळी सहा रुपयांना.

"कुठं दुखतंय का आता?" महादूने विचारलं.

"न्हाय."

"मग ही गोली कशाला? डॉक्टरचं दुकान चालवाया?"

दोघंही हसली. शेतावर बांधलेल्या गोदामाचं भाडं दरमहा येत होतं, पैशांची अडचण नव्हती. महादू ते बोलणं विसरून गेला. राहीबाई विसरली नाही. दुसऱ्या दिवशी तो बाहेर पडल्यावर तिने माझ्या तोंडात सुपारीऐवजी गोळी ठेवली.

शेजारच्या धोंडूबाईने पाहिलं. "अगो, गोली हाय का सुपारी?"

"दोन्ही तोंडातच टाकायच्या ना! अर्धी अर्धी घेतली का गोल्यांची पट्टी दुप्पट दिवस पुरते. ह्यांना नको सांगू."

मित्रांनो, मी दीड वर्षं कातरत राहिलो; दर वेळी ती उरलेली अर्धी लपवायची आणि मला पुसून ठेवायची. मग एका सकाळी, मला पुसायच्या आधीच, भाकरी थापताना राहीबाई चुलीपुढेच कोसळली. या वेळी ती उठली नाही.

बाराव्याला पाहुण्यांना सुपारी द्यायला महादूने सुतकात बंद राहिलेला डबा उघडला. सुपारीच्या खणात अर्धी गोळी होती. माझ्या पात्यावर पांढरी भुकटी होती. त्याला काही कळेना. धोंडूबाईने रडत रडत सगळं सांगितलं, तेव्हा मी त्याच्या हातातून खाली पडलो.

त्याच संध्याकाळी तो मला आणि त्या अर्ध्या गोळीला घेऊन डॉक्टरांकडे गेला.

"अख्ख्या गोळीने त्या वाचल्याच असत्या, असं मी सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण एक झटका येऊन गेलेल्या माणसाला या गोळीवर घातलेला पैसा सगळ्यात जास्त कामी येतो. नेमकी तिथंच काटकसर झाली."

"मी मस्करी केलेली," महादू म्हणाला. तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. त्याच्या पान-तंबाखूला रोजचे बारा रुपये लागायचे.

डॉक्टरांनी महादूलाही तपासलं आणि तीच गोळी सुरू केली. पान त्याने सोडलं. जेवण झालं की तो डबा उघडतो, मला घट्ट मिटवतो आणि गोळी अख्खी गिळतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी डॉक्टरांना न विचारता गोळी कातरत असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जाऊन विचारा. मी विचारू शकलो नाही. मला तोंड आहे, पण ते फक्त कातरायला.